ओळख ना पाळख, आणि चाकामागे चाक

पत्र:

ताई नमस्कार, मी कोथरूडला राहतो, वय ४१. कॉलेजनंतर सायकल सुटली ती सुटलीच, गेल्या वर्षी डॉक्टरांनी शुगरचं सांगितलं तेव्हा हायब्रिड घेतली आणि आता रविवारी चांदणी चौकातून पिरंगुट, जमलं तर पौडपर्यंत जातो. एकटाच असतो. महिन्यापूर्वी भूगावच्या पुढे रोड बाइकवर एक मॅडम दिसल्या, स्पीड छान होता, समोरून वारा होता, म्हणून मी त्यांच्या मागे लागलो, ड्राफ्टिंग की काय म्हणतात ते व्हिडिओत बघितलं होतं. पिरंगुटपर्यंत सहा-सात किलोमीटर तसाच गेलो. त्यांनी स्पीड कमी केला की मी पण करायचो, कारण पुढे जायचा दम नव्हता. शेवटी त्या टपरीवर थांबल्या, मी पण थांबलो, थँक्यू म्हणायचं होतं. बोलता बोलता सीट जरा खाली वाटतेय असं सांगितलं, रोज येता का, एकट्याच असता का असं विचारलं. त्या एवढंच म्हणाल्या, "तुम्ही पुढे जा प्लीज." टपरीवरचे सगळे बघत होते. फार लागलं मला ते. मी बायकामुलांचा माणूस आहे, मनात काहीही नव्हतं. पुढच्या रविवारी एक मुलगा कडेला पंक्चर काढत बसला होता, मी थांबलो नाही, म्हटलं नकोच, पुन्हा कुणी काही बोलायला नको. पण घरी येईपर्यंत तो डोक्यातून गेला नाही. स्ट्राव्हावर, म्हणजे राइड नोंदवायच्या त्या अॅपवर, त्या मॅडमचं नाव सापडलंय, मेसेज टाकून माफी मागू का? एखादा ग्रुप जॉइन करू का? आणि रस्त्यात भेटणाऱ्या अनोळखी सायकलवाल्यांशी नक्की वागायचं तरी कसं?

उत्तर:

नमस्कार. आधी मेसेजचं सांगते कारण ते घाईचं आहे, नाहीतर आज रात्री टाकून बसाल. मेसेज करू नका. लाइक पण नको, फॉलो पण नको. तुमच्या बाजूने ती माफी आहे पण त्यांच्या बाजूने बघा, ज्या अनोळखी माणसाला त्यांनी पुढे जा म्हणून सांगितलं त्याने घरी जाऊन आपलं नाव शोधून काढलं, म्हणजे आता त्याला आपण कुठून निघतो, किती वाजता निघतो, कुठल्या रस्त्याने जातो हे सगळं माहीत असणार, हे त्यांना एका क्षणात कळेल. त्यानंतर मेसेजमध्ये कितीही चांगलं लिहिलेलं असलं तरी ते वाचायची मनस्थिती राहत नाही. बहुतेक त्या तो रस्ताच बदलतील. स्ट्राव्हावर पूर्वी फ्लायबाय म्हणून आपल्या शेजारून कोण गेलं ते आपोआप दिसायचं, त्यावर लोकांनी आक्षेप घेतला आणि २०२० मध्ये कंपनीने ते ज्याचं त्याने चालू केलं तरच दिसेल असं करून टाकलं. तरी सेगमेंटच्या, म्हणजे रस्त्याच्या ठरावीक तुकड्यावर कुणाला किती वेळ लागला त्या यादीतून नाव सापडतं, तुम्हालाही बहुतेक तसंच सापडलं असेल. सापडलं म्हणजे संपर्काची परवानगी मिळाली असं नाही. आणि तुमच्या स्वतःच्या अकाउंटवर पण घराच्या आसपासचा भाग लपवायची सेटिंग असते ती चालू करून ठेवा, सायकली चोरीला जातात हे वेगळं सांगायला नको.

आता काय चुकलं ते. तुमच्या मनात काही नव्हतं हे मला पत्रावरूनच पटलं, ज्याच्या मनात असतं तो असं विचारायला येत नाही. पण रस्त्यावर मन दिसत नाही ना. दिसतं काय, तर मागे एक चाक आहे. मी बरीच वर्षं सायकल चालवते, बऱ्याचदा एकटी, आणि मागून फ्रीव्हीलचा टिकटिक आवाज आला की पहिलं काम असतं ते म्हणजे वाट बघणं, की हा आता ओव्हरटेक करेल. मिनिटभरात केलं नाही तर आपण जरा हळू होतो, की बाबा जा पुढे. तोही हळू झाला की पोटात गोळा येतो. मग आपण जोर लावतो, तो पण लावतो. आता सांगा, त्या मॅडमकडे काय पर्याय उरले होते? जोरात जाऊन सुटका नाही, हळू जाऊन नाही, मागे वळून बघावं तर हँडल हलतं, आणि थांबावं तर कुठे, जिथे चार माणसं आहेत तिथेच. त्या टपरीवर थांबल्या त्या चहासाठी थांबल्या असं तुम्हाला वाटलं, मला तसं वाटत नाही. आणि तिथे तुम्ही पण थांबलात. वर रोज येता का आणि एकट्याच असता का. हे दोन प्रश्न तुमच्यासाठी गप्पा होत्या, पण रस्त्यावर एकट्या असलेल्या बाईला या दोन प्रश्नांचं खरं उत्तर देता येत नाही, म्हणजे खरं दिलं तर धोका वाटतो आणि खोटं द्यायचं तर ते लगेच सुचावं लागतं. त्या मानाने "तुम्ही पुढे जा प्लीज" हे खूपच सौम्य उत्तर होतं हो, त्यात प्लीज पण होतं.

बाई असण्याचा भाग मोठा आहेच पण तेवढाच नाहीये, पुढे एखादा बाप्या असता तरी हे चुकीचंच होतं, आणि हे नव्याने सायकलवर आलेल्या खूप जणांना कुणी सांगतच नाही म्हणून जरा सविस्तर लिहिते. ड्राफ्टिंग म्हणजे पुढचा वारा कापतो आणि मागच्याची मेहनत वाचते, पंचवीस-तीसच्या स्पीडला चांगली वीस-तीस टक्के वाचते, समोरून वारा असेल तर फरक अजूनच जाणवतो. पण त्यासाठी मागच्याला पुढच्या सायकलच्या चाकाच्या जवळ राहावं लागतं. आता हिशोब बघा, ताशी २५ म्हणजे सेकंदाला जवळजवळ ७ मीटर. तुम्ही मीटरभर मागे असाल आणि पुढच्याने कुत्रं आडवं आलं म्हणून करकचून ब्रेक दाबला तर तुमचा मेंदू 'अरे' म्हणेपर्यंत तुमचं पुढचं चाक त्याच्या मागच्या चाकाला लागलेलं असतं. आणि असं चाकाला चाक घासलं की बहुतेक वेळा मागचा पडतो, कारण हँडल त्याच्या पुढच्या चाकाला असतं, तेच अडकलं की तोल सावरायला काही हातात राहत नाही. म्हणजे पडणार होतात तुम्ही. आणि मागून येणारा डंपर तुमच्यासाठी थांबला असता का, त्या रस्त्यावरचे डंपर तुम्ही बघितले आहेत, मी काय सांगू. पुढच्या माणसाला मागे कुणीतरी आहे हे माहीत असेल तर तो खड्डा आला की हाताने दाखवतो, ब्रेक मारायच्या आधी तळवा खाली करून इशारा देतो किंवा नुसतं "खड्डाऽऽ" ओरडतो. माहीतच नसेल तर तो एकट्यासारखा चालवणार, अचानक वळणार, उभा राहून पेडल मारायला लागणार, उभं राहताना सायकल वीतभर मागे येते हे तुम्हाला माहितीये का? आणि थुंकणार पण, सॉरी, पण लांबच्या राइडला सगळे थुंकतात, नाक पण शिंकरतात. मागे तोंड घेऊन तुम्ही.

म्हणून मागे लागायच्या आधी विचारायचं. अवघड काही नाही. आधी थोडं अंतर ठेवूनच, शक्यतो उजव्या बाजूने पुढच्याला आपण दिसू अशा ठिकाणी यायचं, "गुड मॉर्निंग, वारा फार आहे, थोडा वेळ मागे राहिलो तर चालेल का?" बस. 'चालेल' आलं तर मागे राहायचं आणि दम असेल तेव्हा आपण पण पुढे जाऊन वारा घ्यायचा, नसेल दम तर तसं सांगायचं, त्यात कमीपणा नाही. 'नको' आलं, किंवा नुसतं हसून 'अं' असं काहीतरी आलं तर ते नकोच समजायचं. कारण विचारायचं नाही. मग एकतर पुढे निघून जायचं, नाहीतर फोटो काढायला किंवा पाणी प्यायला म्हणून चांगली पाच मिनिटं थांबायचं, म्हणजे मध्ये खरंच अंतर पडेल. आणि एकट्या बाईच्या बाबतीत माझं सरळ मत आहे की अनोळखी पुरुषाने हे विचारूच नये, कारण मागे कुणी असेल आणि आजूबाजूला रस्ता मोकळा असेल तर 'नाही' म्हणायला पण हिंमत लागते, आणि हो म्हणाल्या तरी ते मनापासूनचं आहे का हे तुम्हाला कळणार नाही. काही जणींना हे पटणार नाही, त्या म्हणतील की आम्हाला कशाला वगळता, आम्ही पण सायकलिस्टच आहोत, तर त्यांनी स्वतःहून "या मागे" म्हणावं, म्हणतातही. पुढच्याने बोलावलं तर प्रश्नच नाही.

ब्रेव्हेला जाणाऱ्या लोकांकडून हे छान शिकायला मिळतं. म्हणजे बीआरएम, ऑडॅक्स इंडिया रँडोनर्सच्या त्या लांब पल्ल्याच्या राइड्स, २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ६०० किलोमीटर ४० तासांत. त्यात गाडी घेऊन मागे मागे येणारा सपोर्ट कंट्रोल, म्हणजे वाटेतले नोंदणीचे थांबे, सोडून इतरत्र चालत नाही, पण राइडर्सनी एकमेकांना मदत केलेली चालते. त्यामुळे रात्री दोन वाजता हायवेवर ज्याचं नाव पण माहीत नाही अशा माणसाबरोबर तुम्ही साठ-सत्तर किलोमीटर जाता. आणि तिथे सगळं बोलून होतं. "बरोबर जायचं का?" "चला, पण मी चढावर स्लो आहे." "मी पुढच्या कंट्रोलला झोपणार आहे, तुम्ही निघा." सुरुवात पण बोलून आणि वेगळं होणं पण बोलून. मला हे वेगळं होणं सांगण्याचं फार महत्त्वाचं वाटतं, कारण न सांगता कुणी मागे राहिला की पुढचा दहा वेळा मागे बघत बसतो, की पडला की काय, पंक्चर झालं की काय. साधं "मी थांबतोय, या तुम्ही" एवढं ओरडलं तरी पुरतं.

सीटचं. तुमचं म्हणणं बरोबरही असेल कदाचित, पेडल सगळ्यात खाली असताना गुडघा फारच वाकलेला राहत असेल तर सीट खाली आहे हे खरं. पण लोक सीट मुद्दाम खाली ठेवतात. कुणाचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं असतं, कुणाला ट्रॅफिकमध्ये पाय टेकणार नाहीत अशी भीती असते, कुणी नुकतंच बाळंतपणानंतर सुरू केलेलं असतं, कुणी फिटिंगवाल्याकडून पैसे देऊन ती उंची करून घेतलेली असते. दुसऱ्याच्या घरी पाहुणा म्हणून गेल्यावर आमटीत मीठ कमी आहे हे यजमानाने विचारल्याशिवाय आपण सांगतो का? न विचारता सांगायचं ते फक्त धोक्याचं असेल तेवढंच. म्हणजे मागचा टेल लाइट बंद आहे, ओढणी किंवा बॅगचा पट्टा चाकात जातोय, टायर बसलाय, चाक घट्ट धरणारा खटका, क्विक रिलीज, उघडा दिसतोय. हे जरूर सांगा, जाता जाता सांगा आणि सांगून पुढे जा, थांबून उभं राहू नका. बाकी हेल्मेट कुठलं, केडन्स म्हणजे मिनिटाला पेडलचे फेरे किती, या गिअरवर कशाला चढताय, एवढ्या महागाच्या सायकलला हे पेडल का लावलेत, हे सगळं पोटात ठेवायचं.

आणि दुसऱ्याच्या सायकलला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. हे तुम्ही केलं असं नाही, पण विषय निघालाय म्हणून. टपरीवर उभी केलेली सायकल उचलून वजन बघणारे लोक मला आजतागायत समजलेले नाहीत. ब्रेक दाबून बघतात, गिअर बदलून ठेवतात, मग निघताना चेन कडकड करते. किंमत विचारणं पण तसंच, आपण सायकलवाल्यांनी एकमेकांना विचारू नये असं मला वाटतं, कारण त्यातून लगेच कोण किती पाण्यात ते मोजायला सुरुवात होते. पण गावातली माणसं विचारतात, "कितीला पडली ओ? गिअर किती हायत?" त्यांना नीट उत्तर द्या. ते कुतूहल असतं. शाळेतली पोरं असतील आणि तुम्हाला वेळ असेल तर उतरून गिअर कसे बदलतात ते दाखवा, चाक उचलून पेडल फिरवून दाखवा, त्यांना फार आवडतं.

इथे एक मनातलं बोलते. आपण भेटणारे सायकलवाले म्हणतो तेव्हा डोळ्यासमोर हेल्मेट-जर्सीवालेच येतात. पण त्याच पिरंगुट रस्त्यावर सकाळी काळ्या सायकलला डबा अडकवून कंपनीत शिफ्टला जाणारी माणसं असतात, दुधाच्या किटल्या लावलेले असतात, गावातून शाळेला जाणाऱ्या मुली असतात, राज्यात कितीतरी तालुक्यांत मुलींना मानव विकास कार्यक्रमातून शाळेसाठी सायकली मिळाल्यात. एकेकाळी अख्खं पुणं सायकलींचं शहर म्हणून ओळखलं जायचं ते याच लोकांच्या जिवावर. आणि आमचे ग्रुप त्यांच्या शेजारून सूंऽऽ करून जातात, घंटी नाही, आवाज नाही, तो बिचारा दचकून रस्त्याखाली उतरतो. जर्सीवाला दिसला की हात वर होतो आणि डबेवाला दिसला की नजर समोर, हे मला अजिबात आवडत नाही. मावळ-मुळशीत 'राम राम' म्हणा, लगेच 'राम राम' येतं. सासवड-दिवे घाट बाजूला वारीच्या दिवसांत गेलात तर 'माऊली' म्हणून वाट मागा, गर्दी आपोआप जागा करून देते. आणि ओव्हरटेक करताना कुणीही असो, त्याच्यापासून चार-पाच सायकलींच्या अंतरावर असतानाच घंटी किंवा "उजवीकडून येतोय" असा आवाज द्यायचा, कानाजवळ जाऊन नाही. माझ्या सायकलला साधी टिंगटिंग घंटी आहे, रोड बाइकला घंटी काय लावता म्हणून काही जण हसतात, हसू देत.

समोरून येणाऱ्याला काय करायचं असं तुम्ही थेट विचारलं नाहीत पण ते नमस्काराचं सगळ्यांच्या मनात असतं. मान हलवा, किंवा हँडलवरून दोन बोटं उचला, झालं. समोरच्याने उत्तर दिलं नाही तर मनावर घेऊ नका, तो चढावर मेलेला असतो किंवा खड्डे बघत असतो. उतारावर हात सोडून हात दाखवायला जाऊ नका आणि कुणी तिथे हात दाखवला तरी उत्तर द्यायला जाऊ नका, दोन्ही हात ब्रेकवर पाहिजेत.

आता तो पंक्चरवाला मुलगा. तुम्हाला चुटपुट लागली यातच सगळं आलं, आणि मॅडमच्या प्रसंगावरून तुम्ही जो अर्थ काढलात की आता कुणाशी बोलायलाच नको, तो मात्र पूर्ण सोडून द्या प्लीज. तिथे तुम्ही न विचारता मागे राहिलात म्हणून अडचण झाली. इथे उलट विचारणं हेच काम होतं. कडेला सायकल उलटी करून बसलेला कुणीही दिसला की स्पीड कमी करायचा, पूर्ण थांबायचं नाही, आणि लांबूनच विचारायचं, "सगळं आहे ना?" आमच्याकडे हे एवढंच विचारतात. त्यात ट्यूब आहे ना, पंप आहे ना, टायर काढायचा लिव्हर आहे ना, सगळं आलं. "हो हो, आहे" आलं की अंगठा दाखवून पुढे. "पंप नाहीये" आलं तर थांबा. एकटी मुलगी असेल तरी विचारा, नक्की विचारा, फक्त सायकलच्या लांबीएवढं अंतर ठेवून विचारा आणि सीटवरून उतरायच्या आधी विचारा. 'नको' आलं तर तिथे थांबून 'अहो खरंच मदत करतो' असा आग्रह नको. निघा.

आणि मदत करायची तर सामान पाहिजे. तुमची हायब्रिड बहुतेक ७०० च्या चाकाची असेल, ३२ किंवा ३५ मिलिमीटर रुंदीचा टायर, रोड बाइकवाल्यांचा २५ किंवा २८, एमटीबीवाल्यांचं, म्हणजे माउंटन बाइकवाल्यांचं, चाकच २६, साडेसत्तावीस नाहीतर एकोणतीस इंची, त्यामुळे तुमची ट्यूब दुसऱ्याला बसेलच असं नाही, म्हणून पॅच आणि सोल्युशन ठेवा, ते सगळ्यांना चालतं. ट्यूब बदलायच्या आधी टायरच्या आतून बोटं फिरवून काच किंवा बारीक तार राहिलीये का ते बघायचं, हळू फिरवा, बोट कापतं, पण हे नाही केलं तर दोन किलोमीटरवर परत फुस्स. आणि एक छोटासा पितळी अॅडॅप्टर ठेवा, हा माझा सगळ्यांना आग्रह असतो. महागाच्या सायकलींना प्रेस्टा वॉल्व्ह असतो, बारीक लांब, त्याला गावातल्या पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरचं तोंड बसत नाही, आणि मग दुकान समोर असून माणूस सायकल ढकलत जातो. अॅडॅप्टर लावला की मोटारसायकलच्या वॉल्व्हसारखं होतं आणि कुठेही हवा भरता येते. नखाएवढी वस्तू आहे, फार पैसे पडत नाहीत, दोन घ्या, एक देऊन टाकायला.

कुणी तुम्हाला ट्यूब दिली तर पैसे विचारायचे, एकदा नको म्हणाला की पुन्हा एकदा, तिसऱ्यांदा नाही. रोख असतील तर उत्तम, यूपीआय केलं की नाव आणि बऱ्याचदा नंबरही समोरच्याकडे जातो, काहींना ते नको असतं. आणि उलट बाजूने, आपण मदत केली म्हणून नंबर मागायचा नाही, ग्रुपमध्ये अॅड करतो म्हणायचं नाही, सेल्फी नाही. समोरच्याने मागितला तर गोष्ट वेगळी. मदत केल्यानंतरची ती दोन मिनिटं फार नाजूक असतात, समोरचा उपकाराखाली असतो, त्याला नाही म्हणता येत नाही. तेव्हाच निघून जायचं.

कुणी पडलेलं दिसलं तर मात्र हे अंतर-बिंतर काही नाही, थांबायचंच. पहिलं काम पडलेल्याचं नाही, मागून येणाऱ्या गाड्यांचं. कुणालातरी वीस-पंचवीस पावलं मागे उभं करून हात हलवायला सांगा. सायकल रस्त्यावरून बाजूला घ्या. माणसाला लगेच हाताला धरून उठवू नका, हेल्मेट ओढून काढू नका, आधी नाव विचारा, कुठे दुखतंय विचारा, मान दुखतेय म्हणाला तर हलवूच नका, १०८ ला फोन करा. डोक्याला मार असेल आणि तो "मी ठीक आहे, जातो हळूहळू" म्हणत असेल तरी एकट्याला सायकलवर सोडू नका, घरच्यांना फोन लावून द्या आणि ते येईपर्यंत बसा. पोलिसांचं लचांड मागे लागेल म्हणून लोक थांबत नाहीत, तर २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन कलम १३४अ आलंय, चांगल्या हेतूने मदत करणाऱ्यावर त्या मदतीबद्दल दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही आणि त्याला नाव-पत्ता सांगायची सक्तीही करता येत नाही.

त्या मॅडम परत दिसल्या तर? रस्ता एकच आहे, दिसतील. लांबून घंटी द्या, जरा जास्त अंतर ठेवून ओव्हरटेक करा, जमलं तर मान हलवून 'गुड मॉर्निंग' म्हणा आणि आपल्या स्पीडने निघून जा. मागच्या वेळचं काढू नका. त्या पुढे असतील आणि तुमचा दम कमी पडत असेल तर मागेच थांबून पाणी प्या. अशा दोन-तीन वेळा झाल्या की त्यांना काय कळायचं ते कळेल, आणि नाही कळलं तरी तुमची काही तक्रार असायचं कारण नाही.

ग्रुप जरूर जॉइन करा, हे तुम्ही आधीच करायला हवं होतं असं मला वाटतं, कारण ड्राफ्टिंग शिकायची जागा तीच आहे, जिथे पुढच्याला माहितीये मागे कोण आहे. सुरुवातीला 'नो ड्रॉप' राइड असेल तिथे जा, म्हणजे शेवटच्या माणसासाठी सगळे थांबतात. पहिल्या दिवशीच सांगा की मी ग्रुपमध्ये कधी चालवलेली नाही, कुणीतरी अनुभवी माणूस तुम्हाला मधल्या जागेत घेईल आणि हाताचे इशारे शिकवेल. शुगरचं पण राइड नेणाऱ्या कॅप्टनच्या कानावर घाला, गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना लांब राइडचं विचारून घ्या, खिशात ग्लुकोजच्या गोळ्या किंवा चिक्की असू द्या, आणि ती कुठल्या खिशात आहे हे शेजारच्याला सांगून ठेवा.